हुंगे, चाखे आणि तारीखवाले

जगात तीन प्रकारची माणसं असतात, असं मी आमच्या घरात ठणकावून सांगत असे. पहिले हुंगे. हे फ्रिज उघडतात, दुधाचं पातेलं नाकाशी नेतात आणि जागच्या जागी निकाल देतात. दुसरे चाखे. ह्यांचा नाकावर विश्वास नसतो. बोट बुडवून जिभेवर ठेवल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही, आणि दूध नासलेलं निघालं की सिंकवर वाकून असं थूथू करतात की घरातला झोपलेला माणूस उठून बसावा. तिसरे तारीखवाले. ह्यांना नाकही नको आणि जीभही नको. पिशवीवरची तारीख उलटली की चांगलं दूध बिनदिक्कत ओतून देतील, आणि तारीख उद्याची असेल तर गाठी झालेलं दूधही निमूटपणे पितील. कुणीतरी छापलंय ना, मग झालं.

दुधावर मी थांबलो नव्हतो. उरलेल्या अन्नावरून संग्राहक आणि उभे असे दोन वर्ग पाडले होते. संग्राहक दोन चमचे भाजी उरली तरी तिला वाटी देतात, वाटीला ताटली झाकतात, फ्रिजमध्ये मागच्या बाजूला जागा देतात आणि पाचव्या दिवशी तिला सन्मानाने कचऱ्यात घालतात. उभे ओट्यापाशी उभ्या उभ्या पातेल्यातूनच सगळं संपवतात आणि वर तोंड करून सांगतात, मी सकाळपासून काही खाल्लं नाही. दूध तापवण्यावरून पहारेकरी, धावते आणि पुसते. पहारेकरी डोळ्यांत तेल घालून गॅससमोर उभे असतात आणि दूध वर यायच्या नेमक्या क्षणी खिडकीतून काय दिसतंय ते बघायला जातात. धावते फस्स आवाज ऐकून धावतात. पुसते थेट फडकं घेऊनच येतात. माझी बायको पुसती, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याचं सांडलेलं पुसती. हे तिने मला अनेकदा ऐकवलं आहे.

मला हा नाद लागला तो कामावरून. बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या आगारात सुट्या भागांचं भांडार मी अठ्ठावीस वर्षं सांभाळतोय. लोखंडी मांडण्या, त्यांत खण, प्रत्येक खणाला क्रमांक आणि प्रत्येक भागाला चिठ्ठी. ज्या वस्तूला खण नाही ती वस्तू माझ्या लेखी नसल्यातच जमा. दिवसभर हेच केल्यावर घरी आलेला माणूस बायकोच्या चमचे ठेवण्याच्या पद्धतीकडे काही साध्या नजरेने बघू शकत नाही. स्वयंपाकघरातल्या मोठ्या कपाटाच्या दाराला आतून मी एक तक्ता चिकटवला होता. आडव्या ओळीत वर्ग, उभ्या ओळीत घरातली चार माणसं. मी, बायको, मुलगी आणि ताई.

ताई माझी सख्खी मोठी बहीण. आईवडील पाठोपाठ गेले तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि मी दहा. तिने शिलाई मशीन घेतलं आणि मला वाढवलं. माझी शाळा, माझे बूट, माझी पहिली नोकरी, सगळं त्या मशीनच्या पायट्यावर चाललं. तिने लग्न केलं नाही. का नाही केलं, हे मी तिला कधी विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं आणि ते ऐकायची माझी हिंमत नव्हती. माझं लग्न झाल्यावरही ती आमच्याबरोबरच राहिली, आणि खरं म्हणजे आम्हीच तिच्याबरोबर राहिलो. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन. कोट उसवून नवं अस्तर लावायचं, पँटा आखूड करायच्या, शाळेचे गणवेश. गल्लीतली निम्मी माणसं तिच्या हातचं अंगावर घालून हिंडायची.

आमच्या घरात ताई प्रधान हुंगी होती. तसं पदच मी काढलं होतं. ती जिन्यात पाय ठेवायच्या आधी सांगायची की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईचा कांदा लागला आहे. माझा सदरा हातात घेऊन सांगायची, आज ब्रेकचं तेल सांडलं वाटतं, गिअरचं नाही. इस्त्री जास्त तापली की कापड पिवळं पडायच्या आधी तिला कळायचं. तारीखवाल्यांचा तिला मनस्वी तिटकारा. माझी मुलगी तारीखवाली. कॉलेजात जाते, छापलेल्या शब्दावर तिचा फार भरवसा. आत्या आणि भाची दुधाच्या पिशवीवरून रोज भांडायच्या आणि आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

तक्त्याला एक नियम होता. कुणाची सवय बदललेली दिसली की त्याची बदली करायची, आणि बदलीचा रीतसर हुकूम निघायचा. मजकूर माझा, अक्षर मुलीचं. म्हणून तिला घरात सगळे सरकार म्हणायचो. जेवायच्या टेबलापाशी सरकार खुर्चीवर चढून हुकूम वाचून दाखवणार, मग बदली झालेल्या माणसाने सही करायची, आणि तक्त्यावर तारीख घालायची. तारखेशिवाय नोंद म्हणजे माझ्या मते गप्पा.

पहिली बदली ताईची झाली ती फार साध्या गोष्टीवरून. एका सकाळी तिने दुधाचं पातेलं माझ्यासमोर धरलं.

"बघ रे जरा, बरं आहे का?"

मी नाक खाली नेलं आणि मागे सरकलो. आंबूस भपकारा होता.

"हे तुला कळलं नाही?"

"सर्दी असेल," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग बायकोपुढे अंडं, मुलीपुढे लोणी, माझ्यापुढे पुन्हा दूध. मी लगेच नवा वर्ग काढला. हुंगवे. म्हणजे स्वतः न हुंगता दुसऱ्याला हुंगायला लावणारे. सरकार खुर्चीवर चढली आणि खणखणीत आवाजात वाचू लागली. "प्रधान हुंगी ह्यांनी वाढत्या वयोमानामुळे स्वतः हुंगण्याचा आळस चालवला असल्याने त्यांची हुंगवे ह्या नव्या खात्यात बदली करण्यात येत आहे. दिनांक सात मार्च."

"नव्या खात्यात बसायला खुर्ची तरी मिळेल ना?" ताईने विचारलं, आणि हसत सही केली.

जूनमध्ये तिने चष्मा लावून पिशवीवरची तारीख वाचायला सुरुवात केली. घरात हलकल्लोळ झाला. तारीखवाल्यांना आयुष्यभर नावं ठेवणारी बाई त्यांच्याच गोटात! मुलीने आत्याला मिठी मारून पक्षात स्वागत केलं. अठरा जूनचा हुकूम अर्ध्या पानाचा होता, माझ्या मते त्या सगळ्यांत सरस उतरलेला. मग जेवणात मीठ वाढू लागलं. नंतर तिखट. ताईचा हात सैल सुटला, असं म्हणत मी तिला चिमूटवाल्यांतून मूठवाल्यांत टाकलं. दिनांक नऊ जुलै. बायको तेवढी म्हणाली, "ताई, तुम्हाला जेवणाची चव लागते ना नीट?" ताई म्हणाली, "लागते की," आणि मी मध्येच काहीतरी विनोद केला. काय केला ते आता आठवत नाही. विनोद आठवत नाहीत, एवढंच त्यांच्याबद्दल बरं म्हणायचं.

आता ऑगस्टमधला तो रविवार.

सकाळचे अकरा वाजले असतील. बायको कामावर होती. ती रुग्णालयाच्या धुलाईखान्यात काम करते आणि तिथे रविवारीही चादरी मळतात. मुलगी मैत्रिणीकडे. मी पुढच्या खोलीत बसून आगाराच्या चिठ्ठ्या लिहीत होतो. जळका वास आला. आधी मी दुर्लक्ष केलं, कारण घरात ताई असताना काही जळतंय असं होणारच नाही. मग डोळे चुरचुरायला लागले तेव्हा उठलो.

स्वयंपाकघर धुराने भरलं होतं. तव्यावर पावाचे चार तुकडे कोळसा झाले होते. ताई तव्याकडे पाठ करून, हातभर अंतरावर, शांतपणे कांदा चिरत होती. मी धावत जाऊन गॅस बंद केला तेव्हा तिने वळून पाहिलं. धूर डोळ्यांनी बघून तिला कळलं.

"मला वास आलाच नाही रे," ती म्हणाली.

मी खिडकी उघडत होतो.

"खरंच सांगते. हल्ली मला कशाचाच वास येत नाही. फिनेलचा नाही, कांद्याचा नाही. सकाळी मुद्दाम रॉकेलची बाटली उघडून बघितली. काही नाही." तिच्या हातात सुरी होती आणि ती कुठे ठेवायची हे तिला सुचत नव्हतं. "मला जरा भीती वाटतेय."

हे तिने मला सांगितलं. मलाच. माझ्या जन्मात ताईने मला भीती वाटते असं कधी सांगितलं नव्हतं. आईच्या वेळी नाही, वडिलांच्या वेळी नाही, घरात खायला नव्हतं तेव्हाही नाही.

आणि मी हसलो. गालातल्या गालात नाही, चांगला पोट धरून हसलो. तो कोळसा, तो धूर, त्यात पाठ करून उभी असलेली प्रधान हुंगी, मला ते सगळं इतकं जमून आलेलं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हणालो, "ताई, तुझ्यासाठी स्वतंत्र खातंच उघडावं लागणार. करपवे!" ती माझ्याकडे बघत राहिली. मग तीही हसली. आधी थोडं, मग माझ्याबरोबर. संध्याकाळी हुकूम निघाला. दिनांक सतरा ऑगस्ट. तिने सही केली.

मी दुष्ट माणूस नाही, असं मला वाटत असे. जिभेला हाड नाही, एवढंच. आगारात एखादा ड्रायव्हर गाडी पार मोडून घेऊन आला की मी त्याला खिडकीतून झापतो. आवाज पहिल्यांदा कधी आला? मग तेव्हाच का नाही सांगितलंस? सांगितलं होतं साहेब, असं कुणी म्हणाला तर मी विचारतो, कुणाला? त्याचं नाव सांग.

थंडीच्या दिवसांत ताई गप्प गप्प राहू लागली. मशीनसमोर बसायची, पण पायटा हलायचा नाही. हाक मारली की दुसऱ्या हाकेला ओ द्यायची. कपडे शिवायचे पडून राहू लागले, आणि हे तिच्या हातून कधी झालं नव्हतं. एका गिऱ्हाइकाने निळा कोट परत आणला. अस्तर करड्या दोऱ्याने शिवलं होतं. ताईने कोट उजेडात धरला, डोळ्यांपाशी नेला, आणि म्हणाली, "निळाच तर आहे." गिऱ्हाईक माझ्याकडे बघू लागलं. मी म्हणालो, वय झालं. ताई तेव्हा सत्तावन्न वर्षांची होती.

फेब्रुवारीत एका सकाळी तिने चहा ओतला तो कपाच्या शेजारी. धार सरळ टेबलावर, टेबलावरून माझ्या मांडीवर. ती ओतत राहिली. मी ओरडत उठलो आणि उठता उठता माझं तोंड उघडलं. नवा वर्ग जिभेवर तयार होता.

"एक शब्द बोलू नका," बायको म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. तिने ताईच्या हातातून किटली काढून घेतली होती आणि ती ताईच्या डोळ्यांसमोर बोट डावीकडून उजवीकडे नेत होती. ताईची नजर बोटामागे जात नव्हती.

"ताई, डावीकडचं दिसतंय?"

"थोडं धूसर आहे गं. होईल बरं."

बायको माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता. "माणूस दिसतो का हो तुम्हाला कधी? का नुसते खणच दिसतात?"

तिने त्या दिवशी रजा टाकली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत दिवा मारून पाहिलं आणि फार न बोलता मेंदूच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. तिसऱ्या दिवशी आम्ही चौघं एका छोट्या खोलीत बसलो होतो. डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, बोलायला नीट. भिंतीवरच्या उजळ काचेवर ताईच्या डोक्याचं चित्र लावलं होतं. कपाळामागे एक पांढरा गोळा होता, संत्र्याएवढा. मला वाचता येत नाही अशी भाषा होती ती, पण गोळा कुणालाही दिसला असता.

"वास कधीपासून येत नाही तुम्हाला?" त्यांनी ताईला विचारलं.

"बरेच दिवस झाले," ताई म्हणाली. "नेमकं नाही सांगता येणार."

बायकोने पिशवीतून तक्ता काढला. सकाळी निघताना तिने तो कपाटाच्या दारावरून सोलून घेतला होता. चिकटपट्टीला दाराचा रंग लागून आला होता. तिने तो टेबलावर उलगडला आणि सोबत हुकमांचे कागद ठेवले.

डॉक्टरबाई वाचू लागल्या. हुंगे आणि चाखे वाचताना त्यांच्या ओठांवर हसू आलं. मग त्या ताईच्या रकान्यावर आल्या आणि हसू गेलं. त्यांनी वही ओढली आणि तारखा उतरून घेतल्या. सात मार्च, दुसऱ्यांना वास घ्यायला सांगते. अठरा जून, वास घेणं सोडलं. नऊ जुलै, चव कमी. सतरा ऑगस्ट, धुराचाही वास नाही. त्या खालमानेने लिहीत होत्या.

"इतकी बारीक नोंद मी आजवर कुठल्याच घरात पाहिली नाही," त्या म्हणाल्या. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. तेच वाईट होतं.

तक्ता त्यांनी ताईच्या कागदपत्रांत लावून ठेवला आणि तो पुन्हा घरी आला नाही. बाकीचे बाहेर गेल्यावर मी मागे राहिलो.

"गाठ साधी आहे," त्या म्हणाल्या. "कॅन्सर नाही. अशा गाठी वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. आधी वास जातो, मग स्वभाव थोडा मंदावतो, मग डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात. काढता येईल. जीव वाचेल असं मला वाटतं. डोळ्यांचं आत्ता सांगत नाही."

"मार्चमध्ये आणलं असतं तर?"

त्यांनी पेन बंद केलं. "तेव्हाही गाठ असणारच. पण डोळे बहुधा वाचले असते."

"आणि ऑगस्टमध्ये?"

"ऑगस्टमध्येसुद्धा," त्या म्हणाल्या.

ऑपरेशन नऊ तास चाललं. ताई जगली. डावा डोळा गेला, त्याबद्दल कुणी आशा दाखवली नाही. उजव्या डोळ्याला उजेड कळत होता. तीन महिने वाट बघू, डॉक्टरबाई म्हणाल्या, नसा कधी कधी हळूहळू सावरतात. ते तीन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. एक डोळा. तोही पुरता नको, सुईत दोरा ओवता नाही आला तरी चालेल, कपात चहा ओतता यावा, समोर कोण उभं आहे ते कळावं, एवढंच.

रोज सकाळी कामावर जायच्या आधी मी ताईला खिडकीपाशी बसवत असे आणि तिच्या चिंध्यांच्या पेटीतून एक तुकडा काढून तिच्यासमोर धरत असे. पहिल्या आठवड्यात तिने लाल ओळखला. मी इतका आनंदलो की आगारात सगळ्यांना चहा पाजला. पुढच्या आठवड्यात लाल आणि पिवळा. मग पिवळ्याला ती पांढरा म्हणू लागली. मग लाल काळा झाला. मी तुकडे बदलून बघितले, खिडकी पुसून घेतली, जास्त भडक कापड विकत आणलं. ती कंटाळायची नाही. शिकवणीला बसलेल्या मुलीसारखी पाठ ताठ करून बसायची आणि जे वाटेल ते सांगायची. कधी कधी मी खोटंच "बरोबर" म्हणायचो.

एका सकाळी ती म्हणाली, "आज मळभ आहे का रे?"

ऊन तिच्या चेहऱ्यावर पडलं होतं. तिच्या पापण्यांचे केससुद्धा मला मोजता आले असते.

"हो," मी म्हणालो. "आहे मळभ."

मग तिने मांडीवरचे हात उलटे केले. "मग हात का भाजतायत?" तिने विचारलं. मी चिंध्या पेटीत भरल्या आणि कामावर गेलो. त्यानंतर आम्ही तो खेळ थांबवला.

आता तिला दिसत नाही आणि वासही येत नाही. माणसाला आंधळेपणी नाक किती उपयोगी पडतं, हे मला आधी माहीत नव्हतं. दूध उतू गेलं तर तिला फस्स आवाजापर्यंत कळत नाही. साबण कुठला आणि लोणी कुठलं, हे तिला बोट लावून बघावं लागतं. मीठ आणि साखर तिने एकदा चाखून वेगळी केली, तेव्हा मुलगी आपल्या खोलीत निघून गेली. माझ्या तक्त्यात तीन प्रकारची माणसं होती. चौथ्या प्रकाराचा विचार मी केला नव्हता.

मला रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती. ऑपरेशननंतर ताई घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची की चूक तिचीच झाली, तिने कुणाला सांगितलंच नाही. मला वाटलं, ती विसरली असेल. डोक्यातून एवढं काढल्यावर एक रविवार गेला तर नवल काय? मी विचारलं नाही. विचारलं की सांगावं लागलं असतं.

मागच्या शनिवारी दुपारी ताई स्वयंपाकघरात टेबलापाशी बसून मटार सोलत होती. हे काम तिला जमतं. बायको आणि मुलगी बाजारात गेल्या होत्या. मी भांडी विसळत होतो. दार वाजलं. निळ्या कोटाच्या गिऱ्हाइकाची बायको होती, तिचा एक झगा वर्षभर ताईकडे अर्धवट शिवून पडला होता. मी तो शोधून दिला. बाई ताईजवळ आली, टेबलापाशी बसली आणि डोळे पुसू लागली.

"असं कसं हो झालं? काहीच कळलं नाही का आधी?"

"कळलं होतं," ताई म्हणाली. "वास जायला लागला होता ना. मीच दुर्लक्ष केलं. कुणाजवळ बोललेच नाही. ह्याला तरी सांगायला हवं होतं, लगेच धावपळ केली असती ह्याने."

"हो ना, एवढा भाऊ घरात असताना," बाई म्हणाली. माझ्याकडे कौतुकाने बघून ती झगा घेऊन गेली.

मी दार लावून परत आलो. नळ चालू राहिला होता, तो बंद केला.

"ताई," मी म्हणालो, "तू सांगितलं होतंस."

तिची बोटं शेंगेत थांबली.

"मला सांगितलं होतंस. पाव जळले त्या रविवारी. वास येत नाही म्हणालीस. भीती वाटतेय म्हणालीस. आणि मी..."

"माहितेय मला."

"तुला आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? गाठ काढली त्यांनी, डोकं नाही काढलं." तिने शेंग सोलली आणि दाणे वाटीत टाकले. एक दाणा वाटीबाहेर पडला, तो मी उचलला.

"मग त्या बाईला असं का सांगितलंस?"

"काय सांगू तिला? भावाला सांगितलं आणि भाऊ हसला, असं सांगू? तू तोंड कुठे लपवशील मग?"

मी तिच्यासमोर खुर्ची ओढून बसलो. मला तिचे पाय धरायचे होते आणि ते धरले तर ती झिडकारेल ह्याची भीतीही वाटत होती. डॉक्टरबाई ऑगस्टबद्दल काय म्हणाल्या तेही मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं. ती ऐकत होती, मान किंचित तिरकी करून, जशी आता ती सगळं ऐकते.

"मग तू पुन्हा का नाही बोललीस?" मी विचारलं. "हिला सांगायचंस. सरकारला सांगायचंस. मला एकदा थोबाडीत मारून सांगायचंस."

ताईने हातातलं टरफल मोडलं.

"तू इतका मनापासून हसत होतास," ती म्हणाली. "मला वाटलं, हसण्यासारखंच असेल काहीतरी."

तिच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होतो, सापडला असता तर धरून ठेवला असता. तिने मटारची वाटी चाचपून बाजूला सारली आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"जा आता जरा बाहेर," ती म्हणाली. "मला थोडं एकटीला बसू दे."

मी उठलो. दारापर्यंत गेलो आणि उंबऱ्यावर थांबलो. एकदा वळून बघावं, एवढंच मनात होतं.

"गेलास का?" तिने विचारलं.

'नाही, जातोय,' एवढंच म्हणायचं होतं. मी चौकट धरून ठेवली.

तिने थोडा वेळ कानोसा घेतला. मग टेबलावरचं फडकं चाचपडून घेतलं, त्याची घडी केली, तोंडावर घट्ट दाबली आणि ती रडायला लागली. पाठ गदगदा हलत होती आणि आवाज फडक्यातून बाहेर येऊ नये म्हणून ती दोन्ही हातांनी ते दाबून धरत होती. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. आत जावं तर मी गेलोच नव्हतो हे तिला कळलं असतं, आणि बाहेर पडावं तर पाऊल वाजलं असतं. मी श्वास धरून, तिचं रडून होईपर्यंत, तिथेच उभा राहिलो.